तरण तलावाच्या टाइलवर वाळूचा मारा नको

उन्हाळा तोंडावर आला की बुलढाणा जिल्ह्यातील रिसॉर्ट, शाळा आणि क्रीडा संकुलांचे तरण तलाव रिकामे होतात आणि पाण्याच्या रेषेवर टाइलला धरलेला पांढरा थर काढण्याची कामे निघतात. झटपट काम उरकायचे म्हणून काही ठिकाणी कॉम्प्रेसर लावून नदीची चाळलेली वाळू टाइलवर मारली जाते. भिंत तासाभरात लख्ख होते, पण ही पद्धत टाइलचाही नाश करते आणि मजुराचाही. ती बंद व्हायला हवी.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले आणि वरून ऊन. पाणी उडून जाते, चुना टाइलवर राहतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. मोह्स मापपट्टीवर त्याची कठीणता ३, टाइलच्या चकाकीची ५ ते ६ च्या दरम्यान आणि वाळूतल्या गारेची ७. म्हणजे वाळू थराबरोबर चकाकीही खरवडून काढते. खरखरीत झालेल्या टाइलवर पुढच्या वर्षी क्षार आणखी लवकर धरतो. वाळू फुकट मिळते म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

मजुराचे नुकसान तर भरून न येणारे. गारेची बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिथे व्रण धरतात आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातून ही धूळ सहज आत जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ही धूळ माणसात कर्करोग घडवणारी ठरवली. तुर्कस्तानने २००९ मध्ये जीन्सचे कापड वाळूने झिजवण्यावर बंदी आणली, कारण तरुण कामगार मरू लागले होते. हे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. तिथले आदिवासी मजूर गुजरातेत गारा दळणाऱ्या कारखान्यांत राबले आणि सिलिकोसिसने गेले. अशा २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

मग वापरायचे काय? आधी थरावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फसफसले तर कार्बोनेट समजावे. थर पातळ असेल तर सौम्य आम्ल आणि ब्रश पुरतो. मात्र संडास धुण्याचे तीव्र अ‍ॅसिड ओतू नये, ते टाइलमधल्या सांध्यांचे सिमेंट खाते. थर जाड असेल तरच माऱ्याचे यंत्र लावावे आणि त्यात टाइलहून मऊ पदार्थ घालावा. काचेचे मणी ५.५ च्या आसपास, म्हणजे चकाकीच्या बरोबरीचे. हात चुकला की टाइल निस्तेज. खाण्याचा सोडा २.५, सुरक्षित पण संथ. शिवाय त्यात सोडियम असते. धुतलेले पाणी शेजारच्या शेतात गेले तर आधीच चोपण झालेल्या जमिनीत भर पडणार.

म्हणून आपल्या भागासाठी मला मॅग्नेशियम सल्फेट योग्य वाटते. कपाशीवर लाल्या दिसला की शेतकरी हेच फवारतात. पण फवारणीचे दाणे मऊ व ओलसर असतात. यंत्रासाठी त्याचा किसेराइट हा प्रकार लागतो, कठीणता ३.५ च्या आसपास. थर निघतो, चकाकी टिकते. मात्र सल्फेट सिमेंटला मानवत नाही, तेव्हा पडलेला सगळा चुरा तलाव भरण्याआधी उचलावाच लागतो. आणि सांध्यांच्या सिमेंटमध्येही वाळू असतेच, म्हणून मऊ पदार्थ वापरला तरी धूळरोधक श्वसनयंत्राला सूट नाही.

मऊ पदार्थ महाग पडतो, हे खरे. तो खर्च तलावाच्या मालकाने सोसायचा की मजुराच्या फुप्फुसाने, एवढाच प्रश्न आहे.

एक इशारा मात्र देतो. नव्या टाइलला चालते म्हणून हे यंत्र सिंदखेडराजाच्या पुतळा बारवेसारख्या कोरीव दगडी वास्तूंजवळ कुणी नेऊ नये. तिथे पुरातत्त्व जाणकारांच्या सल्ल्याविना कुठलाच मारा नको. झिजलेली टाइल बदलता येते, झिजलेले शिल्प बदलता येत नाही.

नगरपालिका, शाळा आणि क्रीडा संकुलांनी निविदेतच तीन अटी घालाव्यात : वाळू किंवा गारेचा कुठलाही चुरा वापरायचा नाही, वापरायच्या पदार्थाचे नाव आणि सुरक्षा माहितीपत्रक आधी द्यायचे, मजुराला श्वसनयंत्र दिल्याशिवाय काम सुरू करायचे नाही. खासगी मालकांनीही कामाच्या करारात हेच लिहून घ्यावे. अटी मोडणाऱ्या ठेकेदाराचे बिल अडवले, तर हा प्रकार एका हंगामात थांबेल.

— एक वाचक, नांदुरा (जि. बुलढाणा)