दप्तरी दाखल

‘दप्तरी दाखल’ हा मराठीतला एक भारी शब्दप्रयोग आहे. मूळ अर्थ अगदी सरळ. कागद नोंदवला, दप्तरात ठेवला, लागेल तेव्हा काढता येईल. पण आज कुणी सांगितलं की “तुमचा अर्ज दप्तरी दाखल झालाय”, तर आपण काय समजतो? गेला! आता तो काही ह्या जन्मी दिसत नाही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, आणि माझ्या नोकरीतला निम्मा वैताग ह्या दोन अर्थांच्या मधल्या जागेत राहतो.

सांगतो कसा ते. मी एसएपीवर काम करतो. कंपनीत येणारी बिलं, चलनं, करारपत्रं स्कॅन करून ‘कंटेंट सर्व्हर’ नावाच्या डब्यात टाकायची आणि एसएपीतल्या नोंदीवर क्लिक केलं की तो कागद पडद्यावर दिसायला हवा, हा प्रकार माझ्या वाट्याला येतो. ऐकायला सोपं वाटतं. मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनमध्ये तर ते एका बाणात संपतं: इकडे कागदांचा ढीग, मध्ये बाण, तिकडे सर्व्हरचं चित्र. खाली लिहिलेलं असतं, ‘पेपरलेस ऑफिस’.

माझी तक्रार त्या बाणाबद्दल आहे. माझ्या मते बहुतेक कंपन्या कागद स्कॅन करून तो दुसऱ्या अर्थाने दप्तरी दाखल करतात, आणि बिल मात्र पहिल्या अर्थाचं भरतात.

आधी हा डबा काय आहे ते बघू. कंटेंट सर्व्हर हा तसा मुका प्राणी आहे. आतमध्ये मॅक्सडीबी नावाचा डेटाबेस असतो, नाहीतर साध्या फाइली. बाहेरून बोलायचं ते एचटीटीपीने, म्हणजे आपण ब्राउझरमध्ये पत्ता टाकतो तसंच. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात: कुठल्या रिपॉझिटरीतलं डॉक्युमेंट हवंय आणि त्याचा लांबलचक, माणसाला न वाचता येणारा नंबर काय. हे बिल कुणाचं, किती रुपयांचं, कधीचं, ह्यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. ती सगळी अक्कल एसएपीच्या बाजूला असते, टीओए०१, टीओए०२ अशा नावांच्या टेबलांत. त्यात एकेक ओळ असते: अमुक बिलाची नोंद, तमुक नंबरचं डॉक्युमेंट. ह्या जोडणीला आर्काइव्हलिंक म्हणतात. ती ओळ गेली किंवा कधी बनलीच नाही, तर बिलाचं चित्र सर्व्हरवर सुखरूप असतं, बॅकअपमध्येही असतं, आणि तरीही कुणालाच सापडत नाही.

पुण्याच्या माणसाला हे समजायला कॉम्प्युटर लागू नये. आपल्याकडे पेशवे दप्तर आहे. रुमालात बांधलेले मोडी कागद, गठ्ठेच्या गठ्ठे. ते जपले गेले म्हणून इतिहास उरला हे खरंच. पण रियासतकार सरदेसायांनी त्या रुमालांतून कागद निवडून १९३० च्या दशकात ४५ खंड काढले, तेव्हा कुठे अभ्यासकांना ते हाताशी आले. रुमाल बांधणं हे एक काम आणि हवा तो कागद हाती लागेल अशी सोय करणं हे दुसरं. आमचे क्लायंट पहिल्याचे पैसे देतात आणि दुसरं आपोआप होईल असं धरून चालतात.

तर आता एक खरी गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी एका कंपनीत सपोर्टला होतो (नाव राहू दे). तिथे बारकोडची पद्धत होती. बिल आलं की अकाउंट्समधली व्यक्ती त्यावर बारकोडचा स्टिकर लावणार, एसएपीत बिलाची नोंद करणार, त्याच वेळी बारकोडचा नंबर देणार. मग कागद स्कॅनिंगला जाणार. स्कॅनर बारकोड वाचणार, चित्र कंटेंट सर्व्हरवर जाणार आणि दोन्हीकडचे नंबर जुळले की जोडणी तयार. पद्धत चांगली आहे. अकाउंट्सवाल्यांना स्कॅनिंगची वाट बघत बसावं लागत नाही.

भोसरीतला एक छोटा वर्कशॉपवाला त्यांना सुटे भाग पुरवायचा. त्याचं पावणेदोन लाखांचं बिल अडकलं. का, तर मंजुरी देणारे साहेब नोंद उघडायचे, बिलाचं चित्र दिसायचं नाही, आणि चित्र पाहिल्याशिवाय पेमेंट सोडायचं नाही असा नियम. साहेबांचंही चूक नाही म्हणा. तो बिचारा दर आठवड्याला फोन करायचा.

“मॅडम, बिल तुमच्याच गेटवर शिक्का मारून दिलंय हो.”

“काका, पण सिस्टिममध्ये दिसत नाहीये ना. परत पाठवता का?”

परत पाठवलं तर डुप्लिकेट म्हणून अडतं. तीन महिने असेच गेले. दिवाळी तोंडावर आली होती आणि त्याला सहा माणसांचा बोनस द्यायचा होता. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आपल्याकडे २००६ पासून आहे. पण कायदा बघायलासुद्धा आधी बिल दिसावं लागतं.

शेवटी ते तिकीट माझ्याकडे आलं. एसएपीत न जुळलेल्या बारकोडची दोन टेबलं असतात. एकात नोंदीकडून आलेले नंबर, दुसऱ्यात स्कॅनिंगकडून आलेले. दोन्ही शेजारी ठेवली आणि दहा मिनिटांत उत्तर मिळालं. टेबलावरचा बारकोड रीडर बंद होता म्हणून नंबर हाताने टाकला होता, आणि त्यात दोन अंकांची अदलाबदल झाली होती. बस्. एका टेबलात नोंद, दुसऱ्यात चित्र, दोघंही आपापल्या जोडीदाराची वाट बघत बसलेले. आणि त्या यादीत हे बिल काही एकटं नव्हतं!

आता इथे चूक कुणाची म्हणायची? हाताने नंबर टाकणाऱ्या मुलीची? मला नाही पटत. माणूस अंक उलटसुलट करणारच. खरा प्रश्न हा की ती यादी रोज बघणं हे कुणाचंच काम नव्हतं. आयटी म्हणायचं सर्व्हर चालू आहे. स्कॅनिंगचं कंत्राट घेतलेले म्हणायचे आम्ही ठरलेली पानं स्कॅन केली. अकाउंट्स म्हणायचं आम्ही नोंद केली. तिघंही खरं बोलत होते, आणि बिल सापडत नव्हतं.

ही झाली जोडणीची गोष्ट. आता चित्राकडे वळू. आपल्याकडे झेरॉक्स हे कंपनीचं नाव कमी आणि क्रियापद जास्त. ‘झेरॉक्स मारून आण’ म्हणजे हुबेहूब प्रत आण. पण ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल ह्या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही मशीन्स स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांचं क्षेत्रफळ १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होतं. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३! अक्षरं अंधूक झाली नव्हती. स्वच्छ, सुबक आणि चुकीची होती. कारण जेबीआयजी२ नावाची कॉम्प्रेशनची पद्धत. सारखे दिसणारे छोटे तुकडे एकदाच साठवायचे आणि सगळीकडे तेच चिकटवायचे. मग ६ च्या जागी ८ सहज बसतो. कंपनीने नंतर सॉफ्टवेअर दुरुस्त करून दिलं, पण तोवर कुठे कुठे काय काय साठवलं गेलं असेल, देव जाणे.

आणि हे सगळं जागा वाचवायला. ३०० डीपीआयला ए-फोर पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. काळं-पांढरं असेल तर कच्चा हिशोब साधारण १.१ एमबी. ग्रुप-४ नावाचं फॅक्सच्या जमान्यातलं कॉम्प्रेशन एकही ठिपका न बदलता ते बरंच खाली आणतं. मग आकड्यांशी जुगार कशाला? पण स्कॅनरची सेटिंग्ज कुणी ठरवली हे विचारा, बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, “आलं तेव्हा तसंच होतं.”

ह्याहून मजेशीर प्रकार ई-इनव्हॉइसचा. ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या कंपन्यांना, आणि ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, जीएसटीचं ई-इनव्हॉइस करावं लागतं. म्हणजे बिल जन्मतःच डिजिटल, सही-शिक्क्यासकट. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय की लोक ते प्रिंट करतात, त्यावर बारकोड चिकटवतात, स्कॅन करतात आणि ते चित्र जपून ठेवतात. मूळ फाइल कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये, ती व्यक्ती नोकरी सोडेपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं सातवं कलम सांगतं की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड मूळ स्वरूपात किंवा त्याच माहितीचं अचूक दर्शन घडवणाऱ्या स्वरूपात जपा, पुढे वापरता येईल असं जपा, आणि ते कुठून कधी आलं हेही जपा. आपण जिवंत फाइल मारून तिचा फोटो भिंतीवर लावतो. हारही घालू एक दिवस :)

“पण आता स्टोरेज इतकं स्वस्त झालंय, सगळंच कायमचं ठेवू या की!” हा युक्तिवाद मी दर मीटिंगमध्ये ऐकतो, आणि त्यात थोडं तथ्य आहेही. चुकून पुसण्यापेक्षा चुकून ठेवलेलं बरं. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आणि व्हाउचर्स लगतच्या मागच्या किमान ८ आर्थिक वर्षांची हवीत. म्हणजे २०२४-२५ चं बिल मार्च २०३३ पर्यंत. जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. ठीक आहे, ठेवा.

पण ‘सगळं कायमचं’ ह्यात बिलं एकटी नसतात. त्याच सर्व्हरवर नोकरीसाठी येऊन परत गेलेल्या मुलांच्या मार्कशीट असतात, सोडून गेलेल्यांची आधार कार्डं असतात, कुणाच्या आईचे मेडिकल रिपोर्ट असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल, तर असा डेटा पुसा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. आर्काइव्हलिंकमध्ये किती महिने ठेवायचं हे भरायची सोय आहे. पण ती तारीख वाचून, विचारून, पुसणारं काम कुणीतरी लावावं लागतं. ते लावायला आधी कुणीतरी ठरवावं लागतं. आणि ‘आम्ही ठरवतो’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

शिवाय ८ वर्षं हा काळ सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे एक युग. जुन्या ईसीसी ६.० च्या शेवटच्या आवृत्त्यांचा एसएपीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेरपर्यंतच आहे, म्हणून जो तो एस/४हानाकडे निघालाय. नवी सिस्टिम कोरी सुरू करायची ठरली, की जुन्या जोडण्या जुन्याच घरात राहतात. कागद गोडाऊनमध्ये, चित्र सर्व्हरवर, जोडणी बंद पडलेल्या सिस्टिममध्ये. घर बदलताना सामान आणायचं आणि किल्ल्या तिकडेच विसरायच्या, तसं.

हे सुधारायला फार अक्कल लागत नाही हो. नवीन सॉफ्टवेअर तर अजिबात नको. न जुळलेल्या बारकोडची यादी रोज सकाळी एका माणसाने बघायची, आणि तो माणूस अकाउंट्सचा हवा, कारण बिल कुणाचं हे त्यालाच कळतं. महिन्यातून एकदा कुठलीही दहा जुनी बिलं काढून कागदाशी आकडे ताडून बघायचे. ते झाल्याशिवाय कागद फाडायचा नाही. एसएपीचा डेटाबेस आणि कंटेंट सर्व्हर, दोन्ही बॅकअपमधून एकत्र उभे करून जोडण्या लागतात का ते वर्षातून एकदा तपासायचं. आणि प्रत्येक प्रकारच्या कागदापुढे दोन रकाने: किती वर्षं ठेवायचं आणि कुणाच्या सहीने पुसायचं.

तुम्ही अशा कंपनीत असाल (पुण्यातले निम्मे असालच), तर सोमवारी एवढंच करा. अकाउंट्समध्ये जा आणि म्हणा, “चार वर्षांपूर्वीचं एखाद्या छोट्या सप्लायरचं बिल दाखवता का?” घड्याळ लावा. पाच मिनिटांत दिसलं तर त्यांना माझ्यातर्फे चहा पाजा. “आयटीला विचारावं लागेल” असं उत्तर आलं, तर तुमच्याकडे सर्व्हर आहे, दप्तर नाही. आणि कुठेतरी एक काका अजून फोन करताहेत.