नगर नियोजन बारावीनंतरच शिकवा, आणि दाल बाजारात शिकवा

मा. संपादक,


बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांवरील आपल्या पुरवणीत नगर नियोजनाला जेमतेम चार ओळी मिळाल्या. त्यांतही सल्ला तोच, नेहमीचा: आधी आर्किटेक्चर किंवा सिव्हिल करा, पुढे वाटलेच तर एम.प्लान.ला जा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरांमध्येही मुलांना हेच सांगितले जाते. हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बी.प्लान. ही बारावीनंतरची चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) ती तीस वर्षांहून अधिक काळ शिकवली जाते. भोपाळला एसपीए आणि मॅनिट, पुण्याला सीओईपी, इथेही नियोजनाचे पदवी शिक्षण मिळते. बहुतेक सरकारी संस्थांचा प्रवेश जेईई मेनच्या पेपर दोन-बीवर होतो. त्यात गणित, अभिक्षमता आणि नियोजनावरचे प्रश्न असतात. भौतिक आणि रसायनशास्त्र नसते. एवढी माहिती जरी पुरवणीत आली असती, तरी कितीतरी पालकांचे डोळे उघडले असते.

पण मुद्दा केवळ माहितीचा नाही, नजर घडण्याचा आहे. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून एक भूखंड आणि एक मालक समोर ठेवून विचार करायला शिकवतात, आणि ते योग्यच आहे, कारण इमारत तशीच बांधली जाते. बाजाराचा रस्ता मात्र कुणा एकाचा नसतो. अठराव्या वर्षी जी नजर बसते ती पुढे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाने सहज बदलत नाही.

माझी भाची भोपाळला बी.प्लान. करते. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली असताना ती सकाळी वही घेऊन इथल्या दाल बाजारात जाऊन उभी राहायची. तिथल्या कोंडीचे खापर आपण सगळे हातगाड्यांवर फोडतो. तिने पाहिले की एका गल्लीच्या तोंडाशी नाल्यावरची फरशी खचली आहे आणि भरलेल्या प्रत्येक गाडीचे चाक नेमके तिथेच अडकते. मग हमाल गाडी मागे घेतो, दम धरतो, जोर लावून पुढे काढतो; तोवर मागे स्कूटर आणि टेम्पोंची रांग लागते. दुसरी गोष्ट तिने मला हाताला धरून दाखवली. ज्या दुकानाचा जुना ओटा शाबूत आहे, तिथे हमाल नुसती पाठ टेकतो आणि गोणी ओट्यावर उतरते. पुन्हा उचलतानाही एकटा माणूस पुरतो. ओटा फोडून शटर पुढे आणले आहे, तिथे गोणी जमिनीवर टाकावी लागते आणि पाठीवर घ्यायला दुसरा माणूस लागतो. म्हणजे वेळ दुप्पट आणि रस्ताही दुप्पट अडतो. मी जन्मभर या बाजारातून सामान आणत आलो, माझ्या हे कधी लक्षात आले नव्हते. कुठल्याच विकास आराखड्यात ओट्याची उंची लिहिलेली नसते, पण बाजार चालतो तो अशाच गोष्टींवर.

दाल बाजार गावाबाहेर हलवा, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. ती सरसकट वाईट आहे असे मी म्हणत नाही. मुंबईचा दाणाबाजार वाशीला गेला, पुण्याचा भुसार बाजार नाना-भवानी पेठेतून गुलटेकडीला गेला. पण महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा होता, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत होती. बाजार हलला तरी पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्या वतीने बोलणारे कुणी होते. आपल्याकडे बाजार हलला तर हमाल राहणार कुठे, पहाटे पोहोचणार कसा, रिकाम्या झालेल्या गाळ्यांचे भाव कुणाच्या खिशात जाणार, किरकोळ दुकानदाराचा मालवाहतुकीचा खर्च किती वाढणार? हे प्रश्न एकट्या सिव्हिलचे नाहीत, एकट्या अर्थशास्त्राचेही नाहीत. वाहतूक, जमिनीचे अर्थकारण, समाजशास्त्र आणि कायदा हे सारे एकाच वेळी शिकवणारी पदवी आपल्याकडे आहे, आणि तिच्याकडे आपण मुलांना जाऊ देत नाही.

आधी आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर व्हायलाच हवे, असे म्हणणाऱ्यांनी पॅट्रिक गेडिस यांची आठवण ठेवावी. आधुनिक नगर नियोजनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे, आणि ते मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला इंदूरचा अहवाल १९१८ चा. त्या काळात इंदुरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग बदलला आणि जाहीर केले, की ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील तिकडून मिरवणूक जाईल. लोकांनी कचऱ्याचे ढीग उपसले, उंदीर पकडले, घरांना रंग दिले. नव्या रस्त्यासाठी जुनी वस्ती सरसकट पाडायला त्यांचा विरोध असे; आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात ते नागरिकशास्त्र व समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आता नोकरीचा प्रश्न, कारण पालकांची खरी भीती तीच आहे, आणि ती निराधार नाही. नीती आयोगाचा नगर नियोजन क्षमतेवरचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्यानुसार राज्यांच्या नगर नियोजन विभागांत नियोजनकारांची मंजूर पदे ३,९४५, त्यांतली ४२ टक्के रिकामी, आणि गरज एकूण १२,००० हून अधिक पदांची. देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्के वस्त्यांना तेव्हा विकास आराखडाच नव्हता. त्याच अहवालात हेही नोंदले आहे, की कित्येक राज्यांत या पदांसाठी नियोजनाची पदवी ही आवश्यक अटच नाही! गरज असताना जागा भरल्या जात नाहीत आणि भरल्या तरी शिकलेल्याला प्राधान्य नाही. हा दोष भरतीच्या नियमांचा आहे. त्याची शिक्षा विद्यार्थ्याने का भोगावी? नियम बदला, अशी मागणी करायची सोडून आपण मुलांनाच परत फिरवतो.

लांबून आखलेल्या शहराचे काय होते, ते ग्वाल्हेरने पाहिले आहे. दिल्लीवरचा लोकसंख्येचा भार हलका व्हावा म्हणून राजधानी क्षेत्राच्या १९८९ च्या योजनेत पतियाळा, हिस्सार, कोटा, बरेली यांच्याबरोबर ग्वाल्हेरचेही नाव आले. त्यातून शहराच्या पश्चिमेला 'साडा'चे, म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाचे, क्षेत्र उभे राहिले. रस्ते झाले, भूखंड पडले, वस्ती मात्र आजही विरळच. माझ्या मते याचे कारण एकच: भार दिल्लीत मोजला गेला. लष्करातला माणूस रोजगार, बाजार, शाळा आणि शेजार सोडून तिकडे का जाईल, याचे उत्तर आराखड्यात नव्हते.

७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय ठेवला तो नगर नियोजनाचा. तरीही आपल्या राज्यात १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली विकास आराखडा राज्याचे संचालनालय करते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे स्थिरावला आणि त्यातून लष्कर वाढत गेले. एवढ्या जुन्या वस्तीला स्वतःचे नियोजनकार हवेत, आणि ते तिच्या गल्ल्यांत उभे राहून शिकलेले हवेत.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. दाल बाजार हलवण्याचा कोणताही प्रस्ताव पुढे नेण्याआधी महापालिकेने भोपाळच्या बी.प्लान.च्या विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी हा बाजार पाहणीला द्यावा. राहण्या-जेवण्याची सोय शहरातल्या संस्था आणि आमच्यासारखी घरे आनंदाने करतील. त्यांचा अहवाल व्यापाऱ्यांसमोर, हातगाडीवाल्यांसमोर आणि हमालांसमोर हिंदीत वाचून दाखवावा, आणि हरकती तिथल्या तिथे लिहून घ्याव्यात. संचालनालयाने पुढच्या भरतीत नियोजनाच्या पदवीची अट घालावी. आणि आपण, संपादक महाशय, पुढच्या पुरवणीत या अभ्यासक्रमाला निदान एक पान द्यावे.


आपला एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर