रात्रपाळीतल्या तीन कादंबऱ्या



लागण, खतं, खोडवा यांवर जाणकार मंडळी या पानांतून लिहितातच. आम्ही आज जरा बांध ओलांडतो. उसाला पाणी रात्रीचं. मोटार चालू केली की बारं भरेपर्यंत बसून राहायचं. म्हणून यंदा वाचनालयातून तीन कादंबऱ्या आणल्या. आम्ही काही समीक्षक नव्हे, तेव्हा वाटलं ते सरळ सांगतो.

पहिली आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१). मळ्यातला गडी नारबा स्वतःच आपल्या बोलीत हकिकत सांगतो. एकटा जीव, गुरंढोरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि बैलं दावणीवरनं जातात. पुस्तक सावकाश चालतं, पण ज्यानं बैलाच्या पाठीवरनं हात फिरवलाय त्याला ते लांबलेलं वाटणार नाही. आमची तक्रार एकच होती : मालकाचीही काही अडचण असते, ती कोण सांगणार? बैल आम्हीही विकलेच की! हे मनात आलं आणि चमकलो. पुस्तक नारबाचं, अन् आम्ही वाचत होतो मालकाच्या ओट्यावर बसून.

दुसरी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१). धरणाखाली गावं गेलेल्या माणसांची ही परवड. माणसं फार, कागदपत्रं फार. मधे मधे कोण कुणाचा हे मागं जाऊन पाहावं लागलं. राग इतका, की लेखकानं कुठं तरी दम घ्यावा असं वाटलं. पण खोटं काही वाटलं नाही. आपल्या पाटाला पाणी येतं ते कुणाच्या तरी बुडालेल्या शिवारावरनं. धरणग्रस्तांना लाभक्षेत्रात जमीन द्यायची वेळ आली तेव्हा आमच्या गावात काय बोलणी झाली, ती आम्ही ऐकलीत. त्यात आमचाही आवाज होता. ते पान मिटून बारं मोडायला उठलो, तेव्हा पाण्यात पाय घालायला जड गेलं.

तिसरी सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२). विदर्भातली कोरडवाहू शेती आणि एम. ए., बी. एड. झालेला एकनाथ. संस्थेत भरायला पैसे नाहीत म्हणून नोकरी नाही, आणि शेतीत काही उरत नाही. या पुस्तकात सुखाचा एक घोट नाही. आम्हाला ते जास्तच वाटलं. शेतकऱ्याच्या घरात इतक्या हालातही थट्टा-मस्करी चालते. पण शिकलेला पोरगा घरात बसला की जेवणाच्या ताटावर जी शांतता पसरते, ती लेखकानं बरोबर पकडलीय. ज्यांच्या घरी असा पोरगा आहे त्यांनी ही वाचावी. आणि जे संस्थांच्या खुर्चीवर आहेत त्यांनी तर आधी वाचावी.

तिन्ही वाचून आमचं मत असं झालं : शेतकऱ्यावर लिहिलं की ते आपल्याच बाजूचं असणार, हा समज सोडावा. पोशिंदा म्हणून आपलं कौतुक आपण पुष्कळ ऐकलं. या तिघांनी आरसा धरलाय.

पुस्तकं वाचनालयात परत दिलीत. 'गोतावळा' मात्र आधी आमच्या गड्याला वाचायला दिली होती. परत देताना तो एवढंच म्हणाला, "मालक, हे तुमी समदं वाचलं का?"

आम्ही हो म्हणालो. पुढं काही बोलायला सुचलं नाही.