शब्दओळख : बार्गेनिंग

मैंदर्गीच्या बाजारात आपल्या माय-भगिनी भाजीसाठी घासाघीस करतात. कधी मराठीत, कधी कानडीत. इंग्रजीत यालाच ‘बार्गेनिंग’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत गेला. तिथेही अर्थ घासाघीस करणे असाच होता.

भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. एकट्या कामगाराला मालकापुढे ही सोय नसते, कारण घरची चूल थांबत नाही. म्हणून सर्वांनी मिळून मजुरीची बोलणी करायची, ते ‘कलेक्टिव्ह बार्गेनिंग’. इंग्लंडच्या बिॲट्रिस वेब यांनी १८९१ साली हा शब्द वापरात आणला. अशा बोलण्यांत कामगारांचे बळ म्हणजे संपाचा हक्क.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी इतर कामगार पुढाऱ्यांसह मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली, मालकांनी युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक त्यांनी मांडले.

भाजीत दोन रुपये सोडवून घेणारी आपली बाई विड्यांची मजुरी घेताना मात्र गप्प का राहते? कारण तिथे ती एकटी असते. भगिनींनो, शेजारणीला सोबत घ्या, मग बोला.