जपानी शिकवा, पण मराठीतून

शहरांतून मुलांना शनिवारी-रविवारी जपानी शिकवण्याचे वर्ग चालतात, याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. मुलांनी परकी भाषा अवश्य शिकावी. पुण्यात तर ही परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात कितीतरी मराठी माणसे जपानी शिकली. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडूनसुद्धा आले. हे सारे आनंदाचे आहे. माझी तक्रार निराळी आहे. मराठी मुलांना ही भाषा इंग्रजीच्या भांड्यातून पाजली जाते, आणि ते पाजणे शहाणपणाचे मानले जाते, ही ती तक्रार.

एका नातलगांची नऊ वर्षांची मुलगी मे महिन्यात पुण्याहून आंबोलीला आली होती. तिची जपानीची वही मी चाळली. प्रत्येक जपानी शब्दासमोर इंग्रजी अर्थ, प्रत्येक नियमाखाली इंग्रजी टीप. घरी बोलते मराठी, आजीशी भांडते मराठीत; पण जपानीकडे निघाली ती विलायतेचा वळसा घेऊन! वर मला म्हणते, "काका, जपानीत सगळं उलटं असतं. क्रियापद शेवटी येतं."

उलटे? कशाच्या उलटे? 'मी पुस्तक वाचतो' या वाक्यात क्रियापद कोठे आले? जपानी माणूस म्हणतो, 'वाताशी वा होन ओ योमिमास'. वाताशी म्हणजे मी, होन म्हणजे पुस्तक, योमिमास म्हणजे वाचतो. शब्दाला शब्द लावून पाहा. मराठी मुलाला जे सरळ आहे, ते आम्ही आधी इंग्रजीत नेऊन उलटे करतो आणि मग 'उलटे कसे करावे' हे शिकवण्याची फी घेतो!

मी जपानीचा पंडित नव्हे. चार पुस्तके चाळून जेवढे हाती लागले तेवढेच सांगतो; पण तेवढेही डोळे उघडायला पुरेसे आहे. इंग्रजीत शब्दाच्या आधी येणारी अव्यये जपानीत आपल्यासारखी शब्दामागे लागतात: 'तोक्यो कारा' म्हणजे तोक्योहून, 'ओसाका मादे' म्हणजे ओसाकापर्यंत. आपण 'जाता का?' विचारतो, जपानी माणूस 'इकिमास का?' विचारतो. तोच 'का', आणि तोही वाक्याच्या शेवटी. हा योगायोग असेल. दोन्ही भाषा एका कुळातल्या आहेत असे मी म्हणत नाही. पण मुलाला योगायोगाचे वावडे नसते. पुढे पाहा. आपण 'खाऊन पाहा' म्हणतो. खाण्याचा आणि पाहण्याचा संबंध काय, हे इंग्रजीत समजावता समजावता मास्तरला घाम फुटेल. जपानीत 'ताबेते मिरु': ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे पाहणे. 'घेऊन ये'ला 'मोत्ते कुरु' आणि 'घेऊन जा'ला 'मोत्ते इकु'. मराठी मुलाला हे शिकवायचे नसून नुसते दाखवायचे आहे.

आणि मुळाक्षरे? जपानी मूल अ, इ, उ, ए, ओ म्हणते आणि मग का, की, कु, के, को. ओळींचा क्रम क, स, त, न, ह, म, य, र, व. अभ्यासक सांगतात की आजचा 'ह' तिथे पूर्वी 'प' होता आणि 'स'चा उच्चार 'च'च्या जवळचा होता. तसे वाचले, की आपलीच वर्णमाला समोर उभी राहते. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपीचा अभ्यास जपानात गेला आणि त्याच्या वळणावर हा क्रम लागला. ज्या मुलाने बाराखडी घोकली, त्याच्या हाती हे कुलूप उघडणारी किल्ली आधीच आहे. आम्ही ती काढून घेऊन त्याला एबीसीडीचा जुडगा देतो.

आमच्या आंबोलीत पावसाचे नुसते नाव घेऊन भागत नाही. तो धो-धो कोसळतो, रिपरिप लागतो, भुरभुरतो. जपानीतही मुसळधार पावसाला 'झाआझाआ' आणि संथ पावसाला 'शितोशितो' म्हणतात. आमच्या शाळेतले मूल हे शब्द ऐकताच हसेल, आणि हसेल म्हणजेच शिकेल.

भेद आहेत, आणि ते लपवू नयेत. जपानी क्रियापद लिंग-वचन जाणत नाही. आणि २०१० साली निश्चित केलेल्या रोजच्या वापराच्या २१३६ चित्राक्षरांचा डोंगर कोणतीही मातृभाषा सपाट करणार नाही. पण तो चढायचा तर मूल वाटेतच दमलेले नको.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, वर्गात अमराठी मुलेही असतात. असतात तिथे खुशाल दुसरी सोय करा. परंतु जिथे पंचवीसपैकी पंचवीस मुले मराठी बोलतात, तिथे इंग्रजी कोणासाठी? दुसरा, पुस्तके नाहीत. मग लिहा! इशिदा हिदेआकी या जपानी अभ्यासकांनी मराठीचे व्याकरण थेट जपानीत लिहिले. त्यांना मध्ये इंग्रज दुभाष्या लागला नाही. तिसरा, इंग्रजी तर यायलाच हवे. हवेच; त्यासाठी शाळेचे पाच दिवस आहेत.

हा वाद केवळ अस्मितेचा असता तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. २०१७ साली भारत आणि जपान यांनी शंभर उच्चशिक्षण संस्थांत जपानी शिकवण्याचे आणि हजार शिक्षक घडवण्याचे ठरवले. २०२१ च्या जानेवारीत कुशल कामगारांविषयी करार झाला; वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी जपानची दारे उघडली. ही कामे कोणाच्या मुलांना हवी आहेत? घाटावरच्या आणि घाटाखालच्या मराठी शाळांतील मुलांना. माझा एक माजी विद्यार्थी शहरातल्या अशाच एका वर्गात नाव घालायला गेला. त्याला सांगण्यात आले, "तुझे इंग्रजी कच्चे आहे, आधी ते सुधार." तिथे मालकाशी आणि म्हाताऱ्याशी बोलायचे ते जपानीतून, आणि मुलगा अडला कुठे, तर इंग्रजीपाशी! नदी ओलांडण्याआधी दुसऱ्याच नदीचा जकातनाका.

याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर अनेक भाषा जाणत होते. १८३२ साली त्यांनी 'दर्पण' काढले, तेव्हा इंग्रजीशेजारी मराठीचा स्तंभ बरोबरीने उभा केला. आज मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहे; २०२४ साली आपण पेढेही वाटले. पण जी भाषा दुसरी भाषा शिकण्याची शिडी होऊ शकत नाही, तिचा दर्जा भिंतीवर टांगण्यापुरता.

म्हणून पुण्यातल्या जपानीच्या जाणत्या शिक्षकांना माझे मागणे आहे: मुलांसाठी मराठीतून जपानी शिकवणारे एक चांगले, स्वस्त पुस्तक लिहा. आणि पालकांना सांगणे आहे: पुढच्या रविवारी फी भरण्यापूर्वी विचारा, "माझ्या मुलाला कोणत्या भाषेतून शिकवणार?" उत्तर ऐकून मग खिशात हात घाला.