गाळ कोण उपसणार?

गोंदियाच्या पोराने नवं ॲप काढलं तर पेपरात फोटो येतो. तेच पोर दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर दहा वर्षं चालू ठेवत असेल, तर घरचेही विचारतात, "पण तू नेमकं करतोस काय?" बांधणाऱ्याला हार आणि सांभाळणाऱ्याकडे पाठ, ही आपली जुनी खोड आहे. आयटीत ती आता धोकादायक झाली आहे.

आधी काम समजून घ्या. सोर्स कोड म्हणजे धान आणि तुमच्या फोनवर चालतं ते ॲप म्हणजे तांदूळ. मधली राइस मिल म्हणजे बिल्ड टूल. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं 'मेक' हे असंच एक टूल, आजही वापरात असलेलं. तुमच्या अँड्रॉइड फोनवरची बहुतेक ॲप्स 'ग्रेडल' नावाच्या टूलने बांधलेली असतात. ही मिल डेबियन किंवा फेडोरासारख्या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमध्ये आणून बसवणारा आणि चालू ठेवणारा माणूस म्हणजे पॅकेज मेंटेनर.

तो काय करतो? मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती तपासतो, फायलींचे परवाने बघतो, लागतील तिथे पॅच लावतो, आलेले बग निस्तरतो. बिल्ड टूल असेल तर डोकेदुखी दुप्पट. मिलचा एक पट्टा बदलला की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस पुन्हा बांधून पाहावी लागतात. त्यात डेबियनचा नियम कडक आहे: सगळं सोर्सपासून बांधायचं आणि बांधताना इंटरनेटवरून काहीही ओढायचं नाही.

या नियमापुढे ग्रेडल कसं अडकलं ते पाहा. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं, तेव्हा ग्रेडलची आठवी आवृत्ती बाजारात होती. डेबियनमध्ये मात्र ४.४.१ होती, म्हणजे २०१७ सालची. कारण ग्रेडल बांधायला ग्रेडलच लागतं. पुढच्या आवृत्त्यांना कोटलिन लागतं आणि कोटलिन बांधायला पुन्हा ग्रेडल आणि जुनं कोटलिन. हा गुंता एकेक गाठ सोडवत सुटतो. त्याला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि माणसंच नाहीत.

यावर हुशार मंडळींचं उत्तर तयार असतं: "डिस्ट्रोचं पॅकेज हवंय कुणाला? साइटवरून थेट उतरवून घ्या." त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. सहा वर्षं जुन्या ग्रेडलवर आजचं ॲप बांधता येत नाही. पण उरलेल्या अर्ध्याचं उत्तर २९ मार्च २०२४ ला मिळालं.

'एक्सझेड' ही फायली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी. लासे कॉलिन नावाचा एक माणूस ती फुकट, फावल्या वेळात सांभाळत होता. थकला होता आणि तसं उघड सांगतही होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलत मदत केली, सहमेंटेनर झाला आणि चोरदरवाजा बसवला. कुठे? तो चालू करणारा तुकडा गिटमधल्या उघड कोडमध्ये नव्हता. प्रकाशित टारबॉलमधल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होता. विष धानात नव्हतं, मिलमध्ये कालवलं होतं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खोदत गेलेल्या आंद्रेस फ्रॉइंडमुळे ते सापडलं. तोवर ते डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांत पोचलं होतं, स्थिर आवृत्तीत नाही. नवं सगळं तडक आत न घेणाऱ्या ज्या संथपणाला आपण हसतो, त्यानेच जगभरचे असंख्य सर्व्हर वाचवले.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले तलाव आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, 'माजी मालगुजारी' म्हणून 'मामा तलाव' म्हणवले जाऊ लागले. पाणी सगळ्यांना हवं होतं. पाळ दुरुस्त करणं आणि गाळ उपसणं मात्र 'सरकारचं काम' झालं. तलाव उथळ होत गेले. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. ओपन सोर्सही तसाच मामा तलाव आहे: पाणी फुकट, गाळ अदृश्य.

आणि आपण काय करतो? ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टचा टी-शर्ट मिळावा म्हणून जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला, त्यात भारतीय विद्यार्थी भरपूर होते. मेंटेनर बिचारे कचरा झाडत बसले. दोष एकट्या पोरांचा नाही. आपल्या कॉलेजांत फायनल इयरला 'नवीन' प्रोजेक्ट लागतो, मग तो व्हायवानंतर कुणी उघडला नाही तरी चालतं. सरकारी पातळीवर सी-डॅकचं 'बॉस' लिनक्स स्वदेशी म्हणून मिरवतं. त्याचा पाया डेबियन आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्या पायावर उभे आहोत, तो सांभाळायला आपली किती माणसं जातात, हा प्रश्न स्वावलंबनाच्या भाषणांत येत नाही.

यावर उपाय फार महाग नाही. डेबियनमध्ये वाली नसलेल्या पॅकेजेसना 'अनाथ'च म्हणतात आणि त्यांची यादी उघडी आहे. एक पॅकेज दत्तक घ्यायला बंगळुरूला जावं लागत नाही. आमगाव-देवरीतला जुना लॅपटॉप आणि चिकाटी पुरते. तुमचं पहिलं काम एखादा अनुभवी डेव्हलपर तपासून अपलोड करतो. विद्यापीठांनी एक पॅकेज वर्षभर सांभाळणं हाही फायनल इयर प्रोजेक्ट मानावा. मुलाखत घेणाऱ्यांनी "काय बनवलंस?" यासोबत "काय टिकवलंस?" हेही विचारावं. आणि जे या टूल्सवर कोट्यवधी कमावतात, त्यांनी पैसे द्यावेत. झिरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. बाकीच्यांनी निदान तेवढं तरी करावं.

फुकट मिळतंय म्हणून पाणी भरत राहायचं आणि पाळ फुटली की बोंब मारायची, हे आपण तलावांबाबत करून बसलोय. सॉफ्टवेअरबाबत तरी तीच चूक नको. फावडं उचला.