कातडे कमावताना

मराठीत माणूस पैसा कमावतो, शरीर कमावतो आणि कातडेही कमावतो. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. जे आयते हाती येत नाही, ज्यावर दिवसामागून दिवस हात चालवावा लागतो, त्यालाच हा शब्द लागतो. कच्चे असते तोवर ते कातडे. कमावून झाले की चामडे. या दोहोंमध्ये जी क्रिया घडते ती आपल्या घराच्या मागील अंगणातही घडू शकते. तिची कृती आज सांगावयाची आहे.

कच्च्या कातड्याची दोन मरणे ठरलेली. ओले ठेवले तर ते कुजते. वाळविले तर लाकडासारखे ताठ होते आणि पुन्हा भिजले की कुजण्याच्या वाटेला लागते. कातडे मुख्यतः प्रथिनांच्या सूक्ष्म तंतूंचे विणलेले असते. तुरटी, झाडाच्या सालीतील तुरट द्रव्य किंवा क्रोमचे क्षार या तंतूंना जाऊन बिलगले, म्हणजे कुजविणाऱ्या जंतूंना तेथे सहजी शिरकाव मिळत नाही आणि वाळल्यावर तंतू एकमेकांस चिकटून बसत नाहीत. सगळी विद्या एवढीच. बाकी सारी मेहनत आहे.

प्रथम कातडे निवडण्याविषयी. नवशिक्याने खाटकाकडून मिळणारे बकऱ्याचे ताजे कातडे घ्यावे. ते पातळ असते व एका माणसाला आवरते. आजाराने मेलेल्या जनावराचे कातडे कदापि घेऊ नये. काळपुळीसारखा रोग कातड्यावाटे माणसाला होतो आणि त्याचे बीज वर्षानुवर्षे जिवंत राहते. वन्य प्राण्याच्या कातड्याला तर हातही लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. गाय-बैलांच्या कातड्यांसंबंधीचे नियम राज्याराज्यांत निरनिराळे आहेत, ते आपापल्या ठिकाणी पाहून घ्यावेत.

माझे पहिले कातडे वाया गेले, ते सांगितले पाहिजे. कातडे आणले सकाळी आणि मीठ लावले संध्याकाळी. मधला सारा दिवस ते अंगणात उन्हात पसरून ठेवले होते. ऊन निर्जंतुक असते एवढेच मी पुस्तकात वाचलेले. तिसऱ्या दिवशी केसांवरून हात फिरविला, तो मूठभर केस हातात आले! गावातील एका वृद्ध चर्मकारांना दाखविले. त्यांनी ते नाकाजवळ नेले, बोटांनी चाचपले आणि म्हणाले, “मास्तर, हे तुमच्याकडं आलं तेव्हाच मेलेलं नव्हतं, तुमच्या अंगणात मेलं. कातड्याला आधी मीठ, मग सावली. ऊन कधीच नाही.”

तेव्हा मिठाची घाई करावी. कातडे निवाले की लगेच सावलीत, केस खाली करून पसरावे आणि त्याच्या वजनाच्या निम्मे जाडे मीठ मांसाच्या बाजूस चोळावे. कडा व पाय विसरू नयेत. सडण्यास आरंभ तेथूनच होतो. दुसऱ्या दिवशी सुटलेले पाणी झटकून थोडे नवे मीठ लावावे. आणखी एका दिवसाने कातडे थंड पाण्यात तीन-चार तास भिजवावे, गोल ओंडक्यावर पालथे टाकावे आणि बोथट सुरीने उरलेले मांस, चरबी व पातळ पापुद्रा खरवडून काढावा. हे काम कंटाळवाणे आहे. पण जेथे चरबी राहिली तेथे तुरटी पोहोचणार नाही. नंतर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन चांगले निथळावे.

आता द्रावण. प्लॅस्टिकच्या टबात पाच लिटर पाणी घेऊन त्यात अर्धा किलो तुरटी विरघळवावी. दुसऱ्या भांड्यात अडीच लिटर पाणी, पाव किलो मीठ आणि १२५ ग्रॅम धुण्याचा सोडा. हे दुसरे पाणी पहिल्यात अगदी बारीक धारेने, ढवळत ढवळत ओतावे. फेस येईल, त्याने घाबरू नये. मात्र घाई केल्यास तुरटीचा पांढरा साका तळाशी बसतो आणि मालही जातो, श्रमही जातात. लोखंडाचे किंवा अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. कातडे यात तीन ते चार दिवस पूर्ण बुडवून ठेवावे व दिवसातून दोनदा हलवावे. झाले की नाही, हे पाहण्यासाठी मानेजवळच्या जाड भागाची घडी घालून जोराने दाबावी. घडीवर कागदासारखी पांढरी रेघ उमटली तर समजावे, तुरटी आत मुरली.

धुऊन, निथळून, सावलीत काठीवर टाकावे. अर्धवट ओले असतानाच दोन अंड्यांचा बलक व थोडे तेल कोमट पाण्यात घोटून मांसाच्या बाजूस चोळावे. यापुढचे काम सर्वांत कष्टाचे. वाळत येणारे कातडे फळीच्या बोथट कडेवरून मागे-पुढे ओढावयाचे, ताणावयाचे, पुन्हा ओढावयाचे. मध्येच सोडून जेवावयास गेलात तर परत येईपर्यंत पत्रा झालेला असेल. मग पुन्हा ओलावून आरंभ करावा. माझे हात दोन दिवस भरून आले होते.

तुरटीचे चामडे पांढरेशुभ्र व मऊ होते, परंतु पाण्याला टिकत नाही. भिजले की तुरटी धुऊन जाते. ते बैठकीला चांगले, वहाणेला नव्हे. पाण्याशी गाठ असणाऱ्या मोटा आणि पखाली सालीनेच कमावाव्या लागत. दक्षिणेत तरवडाची साल, आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. तेथे आधी चुन्यात केस काढावयाचे, मग कातडे शिवून पिशवी करावयाची, ती टांगून तिच्यात सालीचा काढा भरावयाचा आणि तो कातड्यातून थेंबथेंब पाझरू द्यावयाचा. घरगुती अंगणात हे होण्यासारखे नाही. कोल्हापुरी वहाणेचे चामडे परंपरेने सालीनेच कमावलेले असते. त्या वहाणेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातीलही चार आहेत.

१९३४ साली गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रात खेड्यातील चर्मोद्योगावर लिहिले, आणि पुढे वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालले. हे काम कोणाही माणसाचे असावे, असा तो आग्रह होता. मी तोच आग्रह त्या वृद्ध चर्मकारांपाशी बोलून दाखविला. कला लोपते आहे, मुलांना शिकवा, म्हणालो. ते हसले. दोन्ही मुले शहरात नोकरीला आहेत, म्हणाले. “त्याचं मला दुःख नाही मास्तर. तुम्ही चार दिवस हात घातला, तर लोक त्याला छंद म्हणतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घातला, तर आमचं घरच गावाबाहेर ठेवलं.” यावर मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. त्या दिवशी चहा आमच्या घरात, आमच्याच कपांतून झाला. परंतु आत येण्यापूर्वी उंबरठ्याशी ते क्षणभर थांबले होते, तेही मी पाहिले.

एक सूचना राहिली. उरलेले द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये. मिठाने जमीन नासते. तमिळनाडूत चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने पालार नदीकाठचे पिण्याचे पाणी व शेते बिघडली, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात हात घालावा लागला. आपल्या एका टबाने तेवढे होणार नाही. तरी ते भरपूर पाण्यात मिसळून गटारातच सोडावे, आणि खरवडलेले मांस खोल पुरून वर दगड ठेवावा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.